तिसऱ्या हाकेला

"बोल ना गं… सकाळपासून विनवण्या करतोय, एक शब्द तरी बोल!"

छत्री मिटता मिटता आर्याच्या कानावर हे पडलं आणि ती पत्र्याच्या शेडखाली जागच्या जागी थांबली. आता आत जावं की नाही? कोणाचं तरी खासगी भांडण चाललेलं दिसत होतं.

पण जाणार तरी कुठे! वसईतल्या पाचूबंदरच्या धक्क्यावर पाऊस आडवा मारत होता. ऑक्टोबर संपत आलेला, घराघरांत आकाशकंदील काढायचे दिवस, आणि समुद्रावर वादळ फिरत होतं. भाईंदरला जाणारी फेरीबोट बंद केली होती. मावशीकडे निघालेल्या आर्याला परतीची रिक्षाही मिळेना. समोर दिसलं ते मच्छीमार सोसायटीचं हे ऑफिस… आणि त्याच्या उघड्या खिडकीतून येणारा हा आवाज.

तिने हळूच डोकावलं. आत मुलगी नव्हतीच. ओल्या केसांचा एक तरुण संगणकासमोर हात जोडून बसला होता.

आर्याला हसू आवरलं नाही.

तो दचकून वळला. "काय झालं?"

"काही नाही… मला वाटलं, मैत्रीण रुसलीय."

"मैत्रीण असती तर बरं होतं. ती कधीतरी बोलली असती." तो म्हणाला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. ते पुन्हा पुन्हा भिंतीकडे जात होते.

भिंतीवर लांब लाकडी फळी होती, आणि खिळ्यांवर लटकलेल्या बोटींच्या नावांच्या पट्ट्या. बोट धक्क्याला लागली की तिची पट्टी उलटी करायची, ही इथली रीत. सगळ्या पट्ट्या पाठ फिरवून होत्या. फक्त दोन समोर पाहत होत्या – 'स्टेला मारिस' आणि 'जयलक्ष्मी'.

आर्याचं हसू ओठांवरच विरलं. "या दोन अजून बाहेर आहेत?"

"'स्टेला मारिस' आमची. पप्पा आहेत तिच्यावर, चार खलाशी आहेत. 'जयलक्ष्मी' नेहमी त्यांच्या मागोमाग असते. पप्पा वळले तर तीही वळेल." त्याने कपाळावरचं पाणी पुसलं. पावसाचं की घामाचं, कोण जाणे. "कोस्ट गार्डला कळवलंय. जवळच्या बोटी वायरलेसवर बोलावून घेतल्या. पण पप्पा लांब आहेत. तिथे वायरलेस पोचत नाही."

"मग या संगणकाचं काय?"

"तुम्हाला कळेल?"

"वालीवला एका कारखान्यात मी हेच करते. मशीन बोलायचं बंद झालं की मला बोलावतात." तिने छत्री कोपऱ्यात उभी केली. "सांगा तर खरं. समजलं नाही तर निदान सोबत तरी होईल."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पायाने दुसरी खुर्ची पुढे सरकवली. "डेरिक."

"आर्या."

त्याने घाईघाईने सांगितलं ते असं. लांबच्या बोटींवर एकेक लहानशी पेटी बसवलेली असते. उपग्रहामार्फत तिच्यावर निरोप जातो. पण बॅटरी वाचवायची म्हणून ती पेटी झोपून राहते, आणि मधूनच काही क्षण जागी होते. हाक पोचायची ती तेवढ्यातच. ती जाग नेमकी कधी येणार याचा हिशोब माणसाला जमत नाही. म्हणून डेरिकने एक स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली चिठ्ठीच: आधी हे कर, मग ते, मग ते. पेटी जागी होण्याची वाट बघ, जागी झाली की निरोप पाठवणाऱ्या प्रोग्रामला हाक मार, तो निरोप पाठवील.

"वाट बघते, वेळही बरोबर ओळखते," डेरिक म्हणाला. "पण नेमकी हाक मारायची वेळ आली की…"

त्याने पडद्याकडे बोट केलं. लाल अक्षरांत एकच ओळ. कमांड नॉट फाऊंड. अशी कमांड सापडली नाही.

"म्हणजे तो दुसरा प्रोग्राम तिला सापडत नाहीये. पुसला तर नाही गेला?"

"तेच तर! हाताने टाइप केलं की चालतं. हे बघा." त्याने काळ्या खिडकीत 'बोल' असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. प्रोग्राम निमूटपणे उघडला. "मी बोलावलं की येतो, स्क्रिप्टने बोलावलं की येत नाही. दुपारी मी हातानेच पाठवत बसलो होतो. एकदा नशिबाने पेटी जागी सापडली. निरोप पोचलासुद्धा."

"पोचला? मग झालं तर! ते परत येतील."

डेरिकने मान हलवली. "एका हाकेला पप्पा वळत नाहीत."

"म्हणजे?"

"जुनी सवय. समुद्रावर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं माझी पणजी सांगायची. हाक कोणाची असेल सांगता येत नाही म्हणे. दुसरीलाही देऊ नये. तिसरी आली की मात्र माणसाचीच." तो कसनुसं हसला. "मी चेष्टा करायचो. पण गेल्या हंगामात माझ्याच मशीनने चुकून वादळाचा निरोप दिला. सगळ्या बोटी मासळी सोडून पळत आल्या, आणि इथे लख्ख ऊन. तेव्हापासून पप्पांनी सांगून टाकलंय – तीनदा हाक आली तरच वळेन. म्हणून स्क्रिप्टमध्ये तीन हाका लिहिल्यात. त्यांना एक गेलीय. आता ते पुढच्या दोन हाकांची वाट बघत असणार… आणि जाळी टाकत असणार."

बाहेर कुठेतरी पत्रा धाडकन आदळला.

आर्या खुर्ची ओढून पुढे बसली. ओढणी खांद्यावरून घट्ट बांधली. "स्क्रिप्ट दाखव."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तिने एकेक ओळ वाचली. स्पेलिंग बरोबर. क्रम बरोबर. वाचताना ती खालचा ओठ दातांत धरते, हे डेरिकला दिसलं, आणि आपल्याला ते आत्ता दिसावं याचा त्याला रागही आला. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ उमटली. पेटी जागी झाली होती, स्क्रिप्टने हाक मारली होती, प्रोग्राम आला नव्हता. पेटी पुन्हा झोपली.

"गेली!" डेरिकने टेबलावर मूठ आपटली.

"मूठ आपटून ती जागी होत असती, तर स्क्रिप्ट कशाला लिहिली असतीस?" आर्या शांतपणे म्हणाली. "आधी चालायची ना ही? मग काय बदललं?"

"जुना संगणक खाऱ्या हवेने गंजला. हा नवीन आणला. हा नीट लागेपर्यंत तू जमिनीवर राहा, असं पप्पाच म्हणाले. नाहीतर मी आज त्यांच्यासोबतच असतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलावंसं वाटलं… पण दार उघडलं आणि वाऱ्यासोबत एक ठसठशीत बाई आत आल्या. हातात किटली, मनगटाला गुंडाळलेली जपमाळ.

"पिंटू, चाय घे रे. सकालपासून पोटात काय नाय तुज्या." मग त्यांची नजर आर्यावर थांबली. "कोन गो तू?"

"मी… फेरी बंद आहे म्हणून…"

"आये, ती मदत करतेय."

"मग बस पोरी. चाय पी. पानी लय वाढलंय बाहेर." डेरिकच्या आईने, बेटीबाईंनी, दोन पेले भरले, भिंतीवरच्या त्या दोन पट्ट्यांकडे एकदाच पाहिलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. जपमाळेचे मणी हलू लागले.

आर्याने हळूच विचारलं, "पिंटू कोण?"

डेरिकचे कान लाल झाले. "घरचं नाव आहे. इथे सगळ्यांना असतं. गावात येऊन डेरिकचं घर विचारलंस तर लोक विचारात पडतील. पिंटू म्हणालीस तर दारापर्यंत आणून सोडतील."

"आणि पोस्टमन?"

"जुना असेल तर ठीक. नवीन पोस्टमनला पिंटू म्हणून कोण कळणार? त्याला पूर्ण नाव, पूर्ण पत्ता…"

पेला तोंडाशी नेता नेता आर्या थांबली.

"डेरिक… तुझ्या या 'बोल'चं खरं नाव काय?"

"खरं नाव?"

"कंपनीने प्रोग्रामचं नाव 'बोल' ठेवलं नसणार."

"नाही, ते भलतंच लांबलचक होतं. रोज कोण टाइप करणार? नवीन मशीन आलं तेव्हा मीच छोटं…" त्याची नजर पडद्यावर खिळली.

"तू त्यालाही घरचं नाव ठेवलंस!" आर्या खुर्चीतून अर्धी उठली. "आणि ते नाव फक्त या काळ्या खिडकीला माहीत आहे, जिथे तू टाइप करतोस. ही तुझी गल्ली. इथे 'बोल' म्हटलं की ओळखतात. पण स्क्रिप्ट गल्लीतली नाही. ती नव्या पोस्टमनसारखी दारोदार विचारत फिरतेय – बोल राहतो का हो इथे? तिला पूर्ण पत्ता हवा."

डेरिकने तिच्याकडे असं पाहिलं की ती गोंधळून पडद्याकडे वळली. "बघू नकोस असा. टोपणनावामागे काय आहे ते काढ."

त्याने एक ओळ टाइप केली. पडद्यावर प्रोग्रामचा ठावठिकाणा उमटला, या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये गेलेला लांबच लांब पत्ता. आर्याने तो अक्षर न् अक्षर वाचून दाखवला, डेरिकने स्क्रिप्टमध्ये 'बोल'च्या जागी घातला. मग दोघं श्वास रोखून बसले. खोलीत फक्त मण्यांची टिकटिक.

पेटी जागी झाली. स्क्रिप्टने हाक मारली.

आणि पुन्हा लाल ओळ. पण या वेळी वेगळी. परमिशन डिनाइड. परवानगी नाही.

डेरिकने डोकं दोन्ही हातांत धरलं. "आता हे काय!"

"चांगलं आहे."

"चांगलं?"

"चूक बदलली, म्हणजे आपण पुढे सरकलो. मघाशी घरच सापडत नव्हतं. आता दारापर्यंत पोचलोय. दार बंद आहे, एवढंच." असं म्हणताना तिचाही आवाज थोडा कापलाच. तिने टोपणनावाची ती ओळ परत वाचली, या वेळी अगदी सुरुवातीपासून. "हा पत्त्याच्या आधीचा शब्द… हा आपण घेतलाच नाही."

"तो तर संगणकाच्या मालकाच्या हुकमाने चालव, असं सांगणारा…" डेरिक सावकाश म्हणाला. "निरोप पाठवणाऱ्या अँटेनाला हात लावायची परवानगी फक्त मालकाला असते. म्हणून मी टोपणनावातच तो हुकूम घालून ठेवला होता. रोज विचारायला नको."

"आणि विसरलास."

"आणि विसरलो."

"अख्खी मालकी स्क्रिप्टच्या हाती द्यायला नको. फक्त अँटेनाला हात लावायची परवानगी दे तिला. तेवढी पुरे."

त्याने ती दिली. पण संगणक पुन्हा चालू केल्याशिवाय ती लागू होणार नव्हती. डेरिकचं बोट बटणावर अडखळलं. वाऱ्यात दिवे लुकलुकत होते. वीज गेली आणि संगणक उठलाच नाही तर?

"दाब," आर्या म्हणाली. तिने आपलं बोट त्याच्या बोटावर ठेवलं. "मीही दाबते. चुकलं तर अर्धी चूक माझी."

पडदा काळा झाला.

बेटीबाईंचे मणी थांबले. समुद्राचा आवाज एकदम खोलीत आल्यासारखा वाटला. किती वेळ गेला कोण जाणे… आर्याचं बोट अजून तिथेच होतं, आणि दोघांपैकी कोणीही ते काढलं नव्हतं.

मग पडदा उजळला. स्क्रिप्ट चालू झाली. वाट बघू लागली. पेटी जागी झाली—

'निरोप पोचला.'

"पोचला!" डेरिक ओरडला. "आये, पोचला!"

"कितवी?" बेटीबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"दुसरी."

"मग ओरडू नको अजून."

पुन्हा वाट. दिवे दोनदा गेले नि आले, पण संगणकाने दम धरला. डेरिक उठून खिडकीशी गेला, परत आला, परत गेला.

"बस ना," आर्या म्हणाली. "तू उभा राहिल्याने उपग्रह खाली येणार नाही."

"तू कारखान्यातही अशीच बोलतेस?"

"नाही. तिथे मशिनं माझं ऐकतात."

तो बसला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "फेरी बंद पडली नसती तर…"

"श्श!"

पडद्यावर अक्षरं हलली. निरोप पोचला. तिसरी हाक.

आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. उत्तर आलं तर त्याच वाटेने येणार होतं. बेटीबाई उठून त्या दोघांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा एक हात मुलाच्या खांद्यावर होता. दुसरा नकळत आर्याच्या.

पुढची जाग आली. आणि समुद्रावरून, लाटांच्या पलीकडून, एकच शब्द आला.

'वळलो.'

डेरिकने तोंड फिरवलं. बेटीबाईंनी जपमाळ ओठांना लावली. आर्याने आपला गार झालेला चहा एका घोटात संपवला, आणि तेव्हा तिला कळलं, आपले हातही गार पडले होते.

अंधारून येता येता धक्क्यावर आरोळी उठली. पावसाच्या पडद्यातून आधी 'स्टेला मारिस'चा दिवा दिसला, मागोमाग 'जयलक्ष्मी'चा. डेरिक उघड्या पायांनी पळत सुटला. खिडकीतून आर्याने पाहिलं – त्याने दोर झेलला, आणि बोटीवरून उतरलेल्या उंच, भिजलेल्या म्हाताऱ्याला असा बिलगला, जसा लहान मूल बिलगतं.

डेरिकचे पप्पा, ऑगस्टीन, आत आले तेच पट्ट्यांच्या फळीकडे. पण 'स्टेला मारिस'च्या पट्टीला हात न लावता त्यांनी बायकोला विचारलं, "तिसरी हाक कोनी मारली? पिंट्याचं नवीन मशीन तर अजून नीट लागलं नव्हतं."

बेटीबाईंनी हनुवटीने आर्याकडे दाखवलं.

म्हाताऱ्याने तिला निरखून पाहिलं. "मग पट्टी तूच फिरव, पोरी."

ओल्या लाकडाची ती पट्टी आर्याने उलटी केली. तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर वसईची हवा निवळली. फेरी सुरू झाली आणि आर्याच्या मावशीला भाचीचं अचानक प्रेम जाणवू लागलं. दर रविवारी भाईंदरची खेप! जाताना फेरीच्या वेळेच्या बरंच आधी आर्या धक्क्यावर येई. स्क्रिप्ट नीट चालते ना, बघायला नको?

"चालते," डेरिक सांगायचा. "पण परत बघायला हवी."

"मागच्या रविवारी बघितली की."

"खारी हवा आहे. काही सांगता येत नाही."

मग एकदा तो टेबलावर बोटाने रेघा ओढत म्हणाला, "आर्या, मलाही तसंच होतंय… त्या स्क्रिप्टसारखं. आत सगळं बरोबर लिहिलेलं आहे. पण हाक बाहेर जात नाही."

"अस्सं?" आर्याने मोठ्या कष्टाने चेहरा गंभीर ठेवला. "चूक काय दाखवतंय?"

"परवानगी नाही."

"कोणाची?"

बाहेर फेरीचा भोंगा झाला. आर्या उठली, पर्स खांद्याला लावली आणि दारात थांबून म्हणाली, "परवानगी आपोआप मिळत नसते, डेरिक. मागावी लागते. आणि टोपणनावाने नाही… पूर्ण नावाने."

ती धक्क्यावरून चालत गेली, फेरीवर चढली, कठड्याला टेकून उभी राहिली. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. दोर सुटायला लागले. नाहीच का म्हणणार हा काही? दर रविवारी नुसती खारी हवाच?

तेवढ्यात धक्क्यावरचा भोंगा खरखरला. सोसायटीचा भोंगा, ज्यावर एरवी बर्फ आल्याचं सांगतात.

"आर्या…"

मासळी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. आर्याच्या गालांवर रक्त चढलं. ती अर्धवट वळली, तोच धक्क्याला लागलेल्या 'स्टेला मारिस'वरून, जाळं विणता विणता, ऑगस्टीन खच्चून ओरडले, "एका हाकेला ओ देऊ नको, पोरी!"

सगळा धक्का हसला. आर्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"आर्या!" दुसरी हाक. आवाज आता कापत होता.

बेटीबाई टोपली खाली ठेवून उभ्या राहिल्या. फेरीवरच्या माणसाने दोर हातातच धरून ठेवला.

मग भोंगा नुसताच खरखरत राहिला. एक क्षण… दोन… आर्याच्या मनात आलं, आता तिसरी नाही आली तर? त्या दिवशी पडद्याकडे बघताना वाटली होती तीच भीती.

"आर्या माधव सामंत…" भोंग्यातून अगदी हळू आवाज आला, "पत्ता पूर्ण माहीत आहे मला. येऊ का विचारायला… तुझ्या घरी?"

आर्याने कठडा सोडला. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि साऱ्या पाचूबंदरला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"ओ!"